बाईंच्या खोलीतला तास

आमच्या घरात एक गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की ती खरीच होऊन बसली. मूल लहान होतं म्हणून आईचं कॉलेज सुटलं. सणासुदीला कुणीतरी मुलाला चिडवायचं, "तुझ्यापायी तुझी आई बी.ए. व्हायची राहिली." तो हसायचा. आता पन्नाशीला आलाय, तरी हे ऐकलं की मान खाली घालतो. ती गोष्ट मी, त्याच्या बापाने, रचलेली होती.

सत्तरच्या दशकात आम्ही कामतघरला राहायचो. मी एका यंत्रमाग कारखान्यात मेहता होतो. कारागिरांची हजेरी आणि सुताचा हिशेब बघायचो. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच माग होते. ते चालू असले की घरात हातवाऱ्यांनी बोलायचं. शुक्रवारी माग बंद असले की मूल जागं राहायचं, एरवी त्या खडखडाटात गाढ झोपायचं.

बायको सकाळी कॉलेजला जायची. नातवाला सांभाळायला माझी आई वज्रेश्वरीकडच्या गावाहून आली होती. हळूहळू बायकोचं जेवण कमी झालं, बोलणंही. आई म्हणायची, "खायाला हाय, ल्यायाला हाय, पोरगा हाय. तिला दुख न्हाय, पुस्तकाचं याड हाय." मलाही तसंच वाटायचं. शुक्रवारच्या शांत घरात मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

एकदा कॉलेजातल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या मानसशास्त्र शिकवायच्या. वर्ग सुटले की त्यांच्या खोलीत लेकुरवाळ्या विद्यार्थिनी तासभर बसायच्या. बाई चहा मागवायच्या आणि ऐकून घ्यायच्या. माझी बायकोही तिथे बसते, हे मला त्या दिवशी कळलं.

"ती माग चालू असतानाच रडते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"डोक्यात काही बिघाड आहे का?"

"नाही हो. थकलीय. मुलाला सोडून येते म्हणून स्वतःला दोष देते. इथे बोलते, तेवढं तिला बरं वाटतं. तिला येऊ द्या."

"बोलायला मी आहे की घरी."

"मग तुमच्याशी बोललीय का हे?"

मी दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर आमच्या शेजाऱ्यांची मुलगी बसली होती. मेहताची बायको डोक्याच्या बाईकडे जाते, हे उद्या चाळभर होणार, एवढंच मनात आलं. मी म्हणालो, "तिलाच आता यायचं नाहीये. तुम्हाला सांगायला संकोचते."

 बाई म्हणाल्या, "बरं. मी आग्रह करणार नाही."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, बाईंना आता वेळ नाही, येऊ नको म्हणाल्या. माग चालू होते. तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तेच हातवारे करून पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली आणि भात उतरवला.

त्यानंतर काही दिवस ती कॉलेजला गेली. मग जायची थांबली. कुणी विचारलं की मी म्हणायचो, मूल लहान आहे. तिने ते कधी खोडलं नाही. बाईंनी तिला येऊ नको म्हटलंच नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

ती गेली; तिचे दिवस झाले त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, मी जरा कमी रडलो असतो तर आई शिकली असती."

तेव्हाही मी गप्प बसलो. म्हणून हे लिहून त्याच्या हातात देतो आहे. तू रडत नव्हतास. माग चालू असले की तू झोपलेला असायचास.