कॅमेऱ्याला दाखवलेली करंगळी

मी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं वळले आणि करंगळी वर केली.

शाळेत पोरं दाखवतात तशी. मी लग्न झालेली, एका पोरीची आई, नर्सिंग शिकलेली बाई. दोन-दोन हातमोज्यांत फुगलेलं ते बोट कॅमेऱ्यासमोर धरून उभी राहिले. स्पीकर खरखरला.

"आत्ता नाही, सिस्टर."

दुसऱ्या लाटेतला मे महिना होता. कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कंत्राटावर सिस्टर होते, कोविड वॉर्डात. वॉर्डाच्या भिंतीवर एक कॅमेरा आणि त्याच्याशेजारी स्पीकर. खालच्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर बसायचे. स्क्रीनवर आम्हाला बघायचे आणि माइकवरून हुकूम सोडायचे. त्यांचं आम्हाला ऐकू यायचं, आमचं त्यांना नाही. त्यामुळं मुतायला जायचं असेल तर करंगळी. जा म्हणाले तर जायचं, नाही म्हणाले तर धरून ठेवायचं. बहुतेक वेळा नाहीच म्हणायचे. कारण बाहेर आलं की अंगावरचं पीपीई किट टाकून द्यावं लागतं आणि परत आत जायला नवं लागतं. नियम होता, एक ड्युटी, एक किट.

त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचा ऑक्सिजन उतरायला लागला. कागल रोडला त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. अंगानं चांगले आडवे. त्यांना पालथं घालायचं होतं, पालथं झोपलं की छातीला जरा हवा मिळते. मी खांद्याकडून धरलं, शैलाताईनं कमरेकडून. शैलाताई माझ्याहून मोठी, गारगोटीकडची, माझ्याच वॉर्डातली सिस्टर. दोघींनी सगळा जोर लावला आणि सकाळपासून धरलेलं सुटलं.

मी उभ्या उभ्या मुतले. सभ्य शब्द मला येतात. पण झालं ते सभ्य नव्हतं.

मांडीवरून गरम ओघळ खाली गेला. किटमधून पायाला बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीतून फरशीवर. मी पाय हलवला नाही. वाटलं, कुणाला दिसणार नाही.

"सिस्टर, तुमच्या पायापाशी काय सांडलंय?"

खाटाखाटांवरच्या माना माझ्या पायांकडं वळल्या. नुसता ऑक्सिजनचा बुडबुड आवाज.

"अच्छा. ते पुसून घ्या. किट बदलता येणार नाही, ड्युटी बाकी आहे. आणि उद्यापासून डायपर लावून येत चला."

माइक बंद व्हायच्या आधी मागं कुणीतरी हसलं. ते हसू खाटाखाटांवर ऐकू गेलं. म्हाताऱ्यांनी ऐकलं, माझ्या भावाच्या वयाच्या पोरांनी ऐकलं. पालथे पडलेले ते दुकानदार माझ्याकडं न बघता मास्कमधून बोलले. श्वास तुटत होता.

"पुसू नगासा, सिस्टर. माझी पाण्याची बाटली कलांडली म्हनून सांगा."

मी गुडघ्यावर बसले आणि पुसलं. गॉगलच्या आत डोळ्यांतलं पाणी साठत होतं आणि ते पुसायची सोय नव्हती. उरलेली ड्युटी मी त्याच ओल्या किटमध्ये काढली. सलाइन लावली, इंजेक्शनं दिली. एका आजींना व्हिडिओ कॉल लावून दिला, त्यांच्या सुनेनं मला हात जोडले. हात जोडणारे खूप भेटले त्या दिवसांत.

तुम्ही विचाराल, इतकं कसं सहन केलं? त्यात नवं काय होतं म्हणून? मी उचगावची. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची. रानात आडोसा नाही, आणि बांधावर मुकादम. तिथल्या बायका सकाळी घरातून निघताना घोटभर चहा घ्यायच्या, पुन्हा अंधार पडेपर्यंत पाण्याला शिवायच्या नाहीत. माझ्या शाळेत पोरींसाठी एक खोली होती, तिला कडी नव्हती. गुरुजींना करंगळी दाखवायची ती पोरांनी. आम्ही दाखवलीच नाही कधी. आम्ही पाणी पीत नव्हतो. परगावी लग्नाला निघालो की आई आदल्या दिवशीच बजावायची, "बाईच्या जातीनं पाणी बघून प्यावं." नर्सिंगला मी पुस्तकात वाचलं की लघवी तुंबवून ठेवली तर किडनीपर्यंत जंतू जातात. मोठ्या ऐटीत आईला सांगायला गेले.

ती म्हणाली, "पुस्तकाला काय ठावं? बांधावर मुकादम हुबा असतोय."

म्हणजे धरून ठेवणं मला शिकवावं लागलं नाही. मॅनेजरांना आयतीच मिळाले मी. आमच्यासारख्या सगळ्याच आयत्या मिळाल्या त्यांना.

त्या दिवसानंतर डायपर लावले. स्वतः विकत आणून. मे महिन्याच्या उकाड्यात, प्लास्टिकच्या किटमध्ये, त्या डायपरनं मांड्या सोलून निघाल्या. पाणी आदल्या संध्याकाळपासूनच बंद. जीभ टाळ्याला चिकटायची. शैलाताई जाताना दोन खडे मिठाचे जिभेवर ठेवायची आणि मलाही द्यायची. चक्कर येऊ नये म्हणून. मग जळजळ सुरू झाली. मग थंडी वाजून ताप. तो ताप मी लपवला, कारण ताप म्हटलं की सगळे कोविडच धरणार आणि माझ्या जागी शैलाताई एकटी राहणार. एके दिवशी घरी लघवीत रक्त दिसलं.

राउंडवरच्या डॉक्टरांना सांगितलं. तेही बिचारे पोरगेलेसे, डोळे खोल गेलेले. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "भरपूर पाणी प्या, सिस्टर. आणि लघवी अजिबात थांबवू नका. किडनीला पोचलंय असं वाटतंय."

मास्कच्या आत मला हसू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी आमच्या दवाखान्याची गत होती. रोग्यांना दर तासाला पाणी पाजायचं काम माझ्याचकडं होतं.

मी आणि शैलाताई मॅनेजरांकडं गेलो. केबिनच्या बऱ्याच अलीकडं फरशीवर पिवळी पट्टी मारली होती, आम्ही तिच्या बाहेर उभं राहायचं. ड्युटीच्या मध्यात एकदा बाहेर येऊ द्या, एवढंच मागणं. शैलाताईनंच बोलायला सुरुवात केली आणि ती लाजली. पुरुषासमोर कसं सांगायचं ते तिला कळेना. मग मी सांगितलं. रक्त पडतंय, सांगितलं.

त्यांनी काचेतून ऐकून घेतलं. आवाज अगदी मऊ.

"तुम्ही योद्धे आहात. सीमेवरचा जवान कधी बाथरूम मागतो का? किटचा तुटवडा आहे, थोडं समजून घ्या."

आम्ही समजून घेतलं. माना खाली घालून जिना चढलो. माझी खात्री झाली होती की मी यातून बाहेर पडत नाही. एक तर रोग धरेल, नाहीतर ही किडनी. घरी पोरीला जवळ घेत नव्हते. ती दाराच्या फटीतून बघायची आणि मी तिला तिथूनच जा म्हणायचे. अंघोळ करताना तोंडात टॉवेल कोंबून ओरडायचे. नवरा विचारायचा, काय होतंय? काय सांगणार? मला मुतायला देत नाहीत, असं सांगणार? लाज वाटायची. लाज त्यांना वाटायला हवी होती आणि वाटत होती मला.

मग ट्रस्टींची भेट ठरली. ट्रस्टी, त्यांचे पाहुणे, फोटो काढणारा, असा सगळा घोळका किट घालून वॉर्डात आला. नवी कोरी किटं. दारातूनच हात हलवले, दोन-तीन खाटांपाशी उभे राहिले, लगेच बाहेर. काचेच्या दारातून आम्हाला दिसत होतं, किटं ओरबाडून टोपलीत टाकली. टोपली शिगोशीग भरली.

फोटो खाली केबिनमध्ये पोचले असावेत, कारण मग स्पीकर बोलला, दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पण आम्हाला नाही.

"सर, गॉगलवर वाफ धरलीय, फोटोत चेहरा येत नाहीये. आपण दुसरं किट घालून परत एकदा घेऊ या."

दोघं जण दुसरं किट घालून परत आले. एका फोटोसाठी. म्हाताऱ्या आजींच्या खाटेशी वाकून उभे राहिले. फोटो झाला, गेले. तीही किटं टोपलीत.

माझ्या डोक्यात काहीतरी कडाडलं. तुटवडा नव्हताच. किट होतं, ते आमच्यासाठी नव्हतं. चेहरा नीट यावा म्हणून बदलता येतं, आणि बाईचं रक्त पडतंय म्हणून बदलता येत नाही. मी वॉर्डाच्या मधोमध उभी होते आणि मला आमच्या गावचा बांध दिसत होता, त्यावरचा मुकादम दिसत होता. रोग नवा होता, एवढंच. बाकी सगळं जुनंच होतं.

मी शैलाताईला म्हणाले, "मुतायला चाललेय मी."

ती म्हणाली, "जा. मी हाय हितं. आलीस की मी जातो."

मी सगळ्या खाटांवरून नजर फिरवली. दुकानदारांचा ऑक्सिजन सकाळपासूनच उतरत चालला होता, डॉक्टरांना कळवलेलं होतं, ते येऊन वाढवून गेले होते. त्यांच्यापाशी शैलाताईला उभी केली. आणि निघाले. कॅमेऱ्याकडं बघितलं नाही. करंगळी दाखवली नाही.

"सिस्टर, कुठे चाललात? सिस्टर! वॉर्ड सोडायचा नाही!"

मी बाहेर आले. किट उतरवलं, टोपलीत टाकलं, हात धुतले, संडासात गेले. आग आग झाली. भिंतीला डोकं लावून रडले. मग बाहेर येऊन नळाखाली ओंजळ धरली आणि पोट भरून पाणी प्याले. असं पाणी मी कित्येक दिवसांत प्याले नव्हते. कदाचित जन्मात नव्हते.

किटच्या खोलीपाशी मॅनेजर आले होते. पहिल्यांदाच वर आलेले. सोबत वॉचमन. खोलीच्या दाराशी उघडं खोकं, त्यात किटं.

"तुम्हाला किट मिळणार नाही. वॉर्ड सोडून आलात, कारवाई होईल," ते म्हणाले. वॉचमनला म्हणाले, "अडव यांना."

वॉचमन हलला नाही. तो आमच्या उचगावचाच, त्याची आई माझ्या आईबरोबर भांगलायला असायची. मी मॅनेजरांकडं चालत गेले. एक पाऊल टाकलं तसे ते मागं सरले. दुसरं टाकलं, आणखी मागं. तोंडावर दोन मास्क, त्यावर रुमाल धरलेला. ज्या वॉर्डात मी दिवसभर उभी असते त्या वॉर्डाची हवा माझ्या अंगाला लागली असेल, या भीतीनं तो माणूस भिंतीला चिकटला. स्पीकरमधून केवढा मोठा वाटायचा.

मी म्हणाले, "या की. जवळ या. धरा हात आणि अडवा."

ते आले नाहीत. मी खोक्यातून दोन किटं घेतली. एक घातलं, दुसरं शैलाताईसाठी बाहेर ठेवलं, आणि आत गेले.

मी आत आल्यावर शैलाताई बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या वॉर्डातल्या सिस्टरनी हेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मी वॉर्डाबाहेर गेले त्याच संध्याकाळी ते दुकानदार गेले. मी त्यांच्या उशाशीच होते, माझा हात त्यांच्या पाठीवर होता. डॉक्टर होते, सगळं करून झालं होतं. ज्या एका माणसानं माझी लाज स्वतःच्या बाटलीवर घ्यायची तयारी दाखवली, त्याला मी वाचवू शकले नाही.

मॅनेजरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं, "सिस्टर दुपारी वॉर्ड सोडून गेल्या होत्या."

मुलगा दवाखान्याच्या दारात मला आडवा आला. डोळे लाल.

"तुम्ही मुतायला गेलासा आणि माझा बाप मेला."

मला सांगायचं होतं की बाबा, तुझा बाप मी नसताना गेला नाही, मी असताना गेला. शैलाताई क्षणभरही हलली नव्हती. ऑक्सिजन सकाळपासून उतरत होता. हे सगळं खरं आहे आणि लिहून ठेवलेलं आहे. पण तो शिव्या देत राहिला, मी ऐकत राहिले. त्याचा बाप मेला होता, त्याला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. मॅनेजरांनी त्याला मी दिली.

आजही अंथरुणावर पडलं की त्या मुलाचं ते वाक्य कानात येतं. मी ताडकन उठून बसते. मग स्वतःला विचारते, गेले नसते तर ते जगले असते? नाही. मग परत पडते, परत उठते. उजव्या कुशीतली कळ अजून जात नाही. त्या मॅनेजरनं माझ्या किडनीत जे पेरलं ते औषधानं दबतं, पण त्यानं माझ्या डोक्यात जे पेरलं त्याला औषध नाही. लाट ओसरली तसं आम्हा कंत्राटी सिस्टरना काढलं. माझं नाव पहिलं.

आता मी दुसरीकडं काम करते. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, संडास कुठं आहे ते विचारलं. काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत.

परत रोग आला तर मी वॉर्डात जाईन. मला भीती वाटेल, तरी जाईन. पालथं घालीन, उताणं घालीन, मरणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवीन. ते माझं काम आहे, मी ते शिकलेय. पण पाणी पिऊन जाईन. लागलं की बाहेर येईन. मला योद्धा म्हणू नका, जवान म्हणू नका, देवी म्हणू नका. मी बाई आहे, मला मूत येतं. त्यासाठी मी यापुढं कुणाचीही परवानगी मागणार नाही. आणि कुणाला अडवायचंच असेल, तर त्यानं माइक खाली ठेवावा आणि जवळ येऊन अडवावं.