थंड छताखाली कोण?

परभणीहून पॅसेंजरने निघाले तेव्हा पिशवीत ताईसाठी ज्वारीचे पीठ होते आणि डोक्यात एक शंका. ताई मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहते. फोनवर म्हणाली होती, "एक संस्था गल्लीतले पत्रे फुकट पांढरे करून देतीय. पांढऱ्यानं ऊन परततं, खोली थंड ऱ्हाती म्हणं. तू शिकलेली, येऊन बघ." मी शिकले, कारण ताईने शाळा सोडली. तिने बोलावले की मी जाते. पण या फुकटाचा फायदा नेमका कुणाला, हे कळत नव्हते.

छोट्या स्टेशनावर उतरले तर फलाट भाजत होता. खोलीत दाजी छातीवर ओला टॉवेल टाकून पडले होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्यांची रात्रपाळी. झोप दिवसाच, तापल्या पत्र्याखाली.

"परवा मशीनवर डुलकी लागली," ते म्हणाले. "हात जाता जाता वाचला."

म्हणजे रंग हवाच होता. तरी ताईने मला मागच्या गल्लीत नेले. तिथले पत्रे आधीच रंगले होते. एका खोलीत शिरलो, खरोखर गार. घरातल्या बाईंनी आग्रहाने भाकरी-ठेचा वाढला.

"किती वर्षं झाली इथं?" मी विचारले.

"आत्ताच आलो की, रंग दिल्यावर. भाडं जास्त हाय, पण खोली गार."

शेजारचेही नवे. पलीकडचेही.

"आधीची माणसं कुठं गेली?"

बाईंचा हात भाकरीवर थांबला. "आमाला काय म्हाईत?"

परतलो तेव्हा दारात शिडी घेऊन रंगारी, संस्थेची मुलगी आणि घरमालक आबा उभे होते. शिडी लावायला जागा ताईच्या उंबऱ्यापुढेच. ताई नेमकी तिथेच बसली.

"आबा, रंग झाल्यावर खोली खाली कर म्हणणार नाय ना?"

"लेकीसारखी तू. असं म्हणंन का मी?"

"मग बेलभंडारा उचला." (बेलाचे पान आणि हळद हातात घेऊन देवाची शपथ घेणे.)

आबा खंडोबाचे भक्त. ते हसले. "रंगासाठी देवाला कशाला तरास?"

"शब्द खरा असंल तर देवाला कसला तरास?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी संस्थेच्या मुलीला विचारले, "भाडेकरूला काढायचं नाही, अशी अट आहे का तुमची?"

"आमचं काम छताचं आहे, मॅडम."

"अन् छताखालच्या माणसाचं?" ताई म्हणाली.

आबा मिशी कुरवाळत राहिले. काकूही आबांच्याच भाडेकरू; त्याही जाऊन आपल्या उंबऱ्यावर बसल्या, मग त्यांची जाऊही. रंगारी म्हणाले, उद्या दुपारनंतर आम्ही दुसऱ्या वस्तीत. शिडी गेली. दाजींनी टॉवेल पुन्हा भिजवला. मला रात्रभर वाटत राहिले, आपण त्यांची झोप घालवली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीतून पांढरी छते लखलखत होती. प्रत्येकाखाली जुनी माणसे आहेत की नवी, एवढेच मी शोधत होते. जालना गेल्यावर ताईचा फोन आला.

"आबा आले व्हते, भंडारा घेऊन. चारचौघांत उचलला."

"उजव्या हातानं?"

"उजव्याच. मी हातच बघत व्हते."

"दाजी?"

"काकूंकडं झोपलेत. आपला रंग वाळतोय."

मी हसले. पिशवी रिकामी झाली होती, शंका मात्र गेली नव्हती. आबा देवाला भितात म्हणून दाजींना गार झोप मिळणार. जो मालक देवालाही भीत नाही, त्याच्या भाडेकरूने कुणाचा हात बघत बसायचे? कॉलेजात शिकले होते, निवारा हा माणसाचा हक्क आहे. तो भंडाऱ्यावर का अवलंबून असावा, हे मात्र कुणी शिकवले नव्हते.