शिरपूरची पाटी

निवृत्त झाल्यावर जळगावच्या घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी धुळ्याच्या कारागृहात साक्षरतेचा वर्ग घ्यायला जाऊ लागले. दर गुरुवारी, एसटीने. पहिलं काम चाचणीचं: कोणाला अक्षरं येतात, कोणाला शब्द, कोणाला काहीच नाही. सत्तरीकडे झुकलेल्या एका कैदी आबांपुढे मी कार्ड धरलं. त्यावर होतं, 'कमळ बघ'. जन्मठेप भोगणाऱ्या माणसाला कमळ कसलं बघायला सांगता, याचा मला अजून राग येतो.

आबांनी कार्ड बाजूला सारलं. "बाई, माले यष्टीनी पाटी वाचता येवाले पाहिजे, बस. सुटसू त्या दिन कोनले इचारानी पाळी नको."

"का हो?"

"गाडी इचारी का लोके इचारतस, बाबा, कोठून उनात?"

कुठून आलात, याचं उत्तर त्यांना कोणाला द्यायचं नव्हतं. बायको वारली होती. मुलगा सुरतेला, त्याने भेटीला येणं केव्हाच सोडलं होतं. न्यायला कोणी येणार नव्हतं. मग मी कमळाला रजा दिली आणि फळ्यावर गाड्यांच्या पाट्या लिहू लागले. साक्री, दोंडाईचा, नरडाणा आणि आबांचं गाव शिरपूर. आबा अडखळले की मी खेकसायची, ते हसायचे. शेवटच्या चाचणीत त्यांनी सगळं घडाघडा वाचलं. मला इतका आनंद झाला, आणि घरी गेल्यावर तो सांगायला कोणी नव्हतं.

ते सुटले तो नेमका गुरुवार. वर्ग आटोपून मी स्टँडवर आले तर आबा बाकावर बसलेले, मांडीवर पिशवी. त्यांना कोणाशी बोलायचं नसेल म्हणून मी खांबाआड थांबले. शिरपूरची गाडी लागली. आबांनी पाटी वाचली, ओठ हललेले मला दिसले. पण ते उठले नाहीत. गाडी निघून गेली.

मला रागच आला. एवढं शिकवलं ते कशासाठी?

शिरपूरची पुढची गाडी लागली तेव्हा ते उठले आणि शेजारच्या तरुणाजवळ गेले. "भाऊ, हाई गाडी शिरपूरनी शे का?"

त्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता मान हलवली. आबा तिथंच उभे राहिले, त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने उलटून काही विचारलं नाही. कंडक्टरने घंटी मारली.

मी खांबाआडून धावत पुढे गेले आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, कोठून उनात?"