हवालदारकाकांचा शांत रस्ता

जिथे दोन गाडीवाटा एकमेकींना छेदतात आणि चहूबाजूंना ज्वारीशिवाय कुणी नसतं, तिथेही हवालदारकाका सायकलवरून उतरायचे, हात आडवा करायचे आणि आम्हाला थांबवायचे. आम्ही म्हणजे मी आणि टॉवेलच्या कारखान्याचे मालक अण्णा. एक पाय जमिनीला टेकवून आम्ही मुकाट उभे राहायचो. आडव्या वाटेने वाऱ्याची झुळूक जायची, फार तर एखादा होला पक्षी तुरुतुरु चालत जायचा. तो पलीकडे पोहोचला की काका आम्हाला सोडायचे.

"कुणी नाही, तर थांबायचं कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कुणी न्हाय म्हणून तर थांबायचं, मॅडम. कुणी आसल्यावर कोनबी थांबतंय."

अख्खी नोकरी त्यांनी सोलापुरातल्या चौकांत शिट्टी फुंकत काढली होती. निवृत्तीनंतर चौक सुटला, पण चौकाने त्यांना सोडलं नाही. डाव्या कानात सतत हॉर्न वाजायचे. डॉक्टरांनी कान तपासला, मशीन लावून पाहिलं आणि याला औषध नाही, सवय करून घ्या, असं सांगितलं. "कानात चौक बसलाय माझ्या," काका म्हणायचे. "रिक्षा येगळी कळती, यष्टी येगळी कळती." सायकल त्यांनी घेतली ती ह्या कानासाठी. मी घेतली ती रक्तातल्या साखरेसाठी आणि अण्णांनी घेतली ती बायकोने ढेरीवरून बोलणं थांबवावं म्हणून.

आमची ओळख त्यांनी मला अडवूनच झाली. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचे. नवी सायकल घेऊन पहिल्याच दिवशी हायवेने निघाले होते. शहराच्या टोकाला पांढऱ्या सदऱ्यातल्या एका उंच माणसाने हात केला आणि माझे पाय आपसूक जमिनीला टेकले. सोलापुरातल्या पायांना तो हात माहीत होता.

"कुटं निघालाव मॅडम?"

"मोहोळला."

"हायवेनं? घरी सांगितलंय का?"

"सांगितलंय की."

"आसं न्हाय. नीट निरोप घिऊन या."

मी सायकल वळवली. पुढच्या रविवारी त्यांच्या मागोमाग निघाले, ती काही वर्षं दर रविवारी निघतच राहिले.

त्यांच्या टोळीचे नियम कडक होते. सायकलची घंटी काढून ठेवायची. चालवताना बोलायचं नाही. इंजिनाचा आवाज आला की तो ट्रॅफिक, मग ती मोपेड का असेना. ट्रॅफिक आला की वाट सोडायची. मात्र शहराबाहेर पडायला आम्ही अण्णांचा टेम्पो वापरायचो. सायकली मागे टाकलेल्या, आम्ही टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसलेले आणि टेम्पोचा सायलेन्सर फुटलेला. वाटेतली कुत्री दचकून उठायची. अण्णा सायलेन्सर बदलायला निघाले तर काकांनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या की. हितनं उतरल्यावर शांतता जास्त लागती."

एकदा माळावर मागून एक दूधवाला आला. मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन. काकांनी आम्हाला उजवीकडच्या पांदीत घातलं. तोही पांदीत आला. आम्ही ओढ्यात उतरलो, तर तोही कॅन वाजवत ओढ्यात. टेकडीला वळसा घालून, करडईच्या बांधावरून सायकली खांद्यावर मारून आम्ही पळालो. अण्णांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शेवटी एका विहिरीपाशी वाट संपली आणि दूधवाल्याने आम्हाला गाठलं.

"आवो, मगापासनं हाका मारायलोय. रस्ता चुकलाव तुमी!"

"चुकलो न्हाय," काका म्हणाले. "तुला चुकवायलोय."

त्या बिचाऱ्याने आम्हाला मोठ्या रस्त्यापर्यंत सोबत करायची तयारी दाखवली. ती टाळण्यासाठी काकांनी त्याच्याकडून दूध घेतलं, तिथेच बसून प्यायलं आणि तो दिसेनासा होईपर्यंत उठले नाहीत.

इतिहासही त्यांना चौकातूनच दिसायचा. भीमेकाठी माचणूरला भूगोलाच्या अधिकाराने मी सांगितलं की इथे मोगल बादशहाची छावणी कैक वर्षं पडून होती. काकांनी नदीकडे पाहिलं, किल्ल्याच्या भिंतीकडे पाहिलं. "हत्ती, घोडं, तोफा, समदं हितंच? एवढी वर्षं?" मग जरा हळहळून म्हणाले, "कुनी उचलायला आलं न्हाय व्हय?" गावागावांच्या वेशीवर वीरगळ असायचे. गाई सोडवताना कामी आलेल्या वीराचा दगड काका बोटाने वाचल्यासारखा चाचपायचे. "लई चांगला गडी. पन राँग साइडनं घुसलाय बगा."

सगळ्या वाटा शेवटी कुडलच्या संगमाकडे जायच्या. भीमा आणि सीना मिळतात तिथलं ते जुनं देऊळ. दुपारी तिथे कुणी नसायचं. काका दगडी पायरीवर बसायचे, डोळे मिटायचे, आणि काही वेळाने त्यांचा चेहरा उकलायचा. मांजर उन्हात पसरतं तसा.

"गेला," ते पुटपुटायचे.

चौक गेलेला असायचा. किती वेळ, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. अण्णा आणि मी तेवढा वेळ शेंगांची टरफलंसुद्धा फोडायचो नाही.

घोटाळा अण्णांनी केला, तोही प्रेमापोटी. आमच्या वाटेचा व्हिडिओ काढून त्यांनी फोनवर चार जणांना धाडला. 'सोलापूरचा सर्वांत शांत रस्ता.' त्या चार जणांनी आणखी किती जणांना धाडला देव जाणे. एका रविवारी आम्ही कुडलच्या अलीकडच्या ओढ्यापाशी आलो, तर वाट माणसांनी भरलेली. रंगीत हेल्मेटं, महागड्या सायकली, 'शांतता रॅली' असा फलक, आणि त्यामागे एका पुढाऱ्याची जीप. जीपवर भोंगा. भोंग्यातून एक माणूस कोकलत होता, "शांतता राखा! शांतता राखा!"

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. डावीकडून मेंढरं उतरली. ओढ्यावर एकच अरुंद फरशीपूल. क्षणात सगळं तुंबलं. भोंग्याने मेंढरं बिथरली, ट्रॉलीच्या चाकांत शिरू लागली. मेंढपाळीण ट्रॅक्टरच्या तोंडावर हात आपटत ओरडत होती. ड्रायव्हरला मागचं दिसत नव्हतं आणि तो हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

काका कान दाबून बांधावर उभे होते. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "काका, चला, मागे फिरू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सायकल माझ्या हातात दिली आणि ते फरशीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की ट्रॅक्टर बंद पडला.

"ओ, तुम्ही कोण?" भोंग्यातून आवाज आला.

"मी चौक हाय," काका म्हणाले. "भोंगा बंद कर."

मग मेंढरं आधी, एकेक करून. त्यांच्यामागे मेंढपाळीण, काखेत एक लंगडतं कोकरू. मग ट्रॅक्टर. मग सायकली. जीप सगळ्यांत शेवटी. हेल्मेटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढारी खाली उतरला, जीपमध्ये शाल-नारळ तयारच होते. देवळासमोर काकांचा सत्कार झाला आणि 'दोन शब्द' बोलायला त्यांच्या हातात माईक दिला.

काका माईक धरून उभे राहिले. काहीच बोलले नाहीत. आधी लोकांना वाटलं, गहिवरलेत. मग पुढच्या रांगेतल्या एकाने हेल्मेट काढलं, मान खाली घातली. त्याचं बघून दुसऱ्याने. पाहता पाहता सगळी रॅली माना झुकवून श्रद्धांजलीला उभी. पुढाऱ्याने हात जोडून अण्णांच्या कानात विचारलं, "कोण वारलं?" अण्णांनी घाबरून आभाळाकडे बोट दाखवलं. पुढाऱ्याने डोळे पुसले. दोन्ही नद्यांचं पाणी ऐकू येऊ लागलं.

"ह्ये आसं," काका शेवटी माईकमध्ये म्हणाले. "आता घरी जावा."

परतताना टेम्पोत ते शाल गुंडाळून बसले होते. मी विचारलं, "कान?"

"वाजायलाय. पार सिग्नल बंद पडल्यागत." शाल सारखी करत ते म्हणाले, "पर मॅडम, फरशीवर लई ब्येस वाटलं बगा. त्याचीच लाज वाटायलीया."

पुढच्या पावसाळ्यात त्यांना हृदयाचं दुखणं सुरू झालं. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगी पुण्याला घेऊन गेली, अकराव्या मजल्यावर, खाली मोठा रस्ता. सायकल त्यांनी अण्णांच्या कारखान्यात ठेवली. निघताना मला म्हणाले, "रईवारी फोन लावा." मी लावला, तर म्हणाले, "बोलू नका. खिशात ठिवा, आन् चालवा."

तेव्हापासून दर रविवारी मी फोन जाकिटाच्या खिशात चालू ठेवून कुडलला जायचे. खडीवर चाकं, चंडोल, कुठे मोटेच्या जुन्या विहिरीवरचा पंप, चढावर माझा श्वास. पलीकडून काही आवाज नसायचा. एकदाच खिसा ओरडला, "म्हातारी झालाव! धाप लागायली!"

शेवटच्या रविवारी फोन मुलीने उचलला. बाबांना बोलवत नाही, पण फोन कानाशी धरलाय, तुम्ही निघा, म्हणाली. मी निघाले. अण्णा मागून येत होते. कुडलला पोहोचून मी फोन काढला. कॉल चालूच होता.

"पोहोचलो आम्ही," मी हळू आवाजात म्हटलं.

"मॅडम, त्यांना झोप लागलीय," मुलगी कुजबुजली. "पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा. एवढ्यात थांबू नका ना."

मी फोन परत खिशात ठेवला. अण्णांना खूण केली. मग आम्ही दोघं त्या रिकाम्या देवळाभोवती सायकलने फिरत राहिलो. पुजारी बाहेर येऊन बघून गेला. कसला नवस, असं त्याने हातानेच विचारलं. अण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. ऊन चढलं, अण्णांचे पाय लटपटू लागले, माझ्या फोनची बॅटरी लाल झाली. तरी आम्ही पायडल मारतच होतो, अगदी सावकाश, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने.