मॅडमचा राग

आपल्यावर गोल झाला की आमच्या स्टँडमधली माणसं डोक्याला हात लावायची, गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, नाहीतर मुकाट्याने खाली बसायची. मॅडम उठून उभ्या राहायच्या. साडीवर घातलेली टीमची हिरवी जर्सी खाली ओढून नीट करायच्या, मैदानाकडे पाठ फिरवायच्या आणि वर बघायला लागायच्या. वर, आमच्याच स्टँडच्या माथ्यावर, काचेचा एक बॉक्स होता. क्लबचे मालक, सीईओ आणि त्यांचे पाहुणे तिथे एसीत बसून मॅच बघायचे. मॅडम त्या काचेकडे एकटक बघत राहायच्या. तोंडातून शब्द नाही. उशिरा आलेल्या कारकुनाकडे त्या ऑफिसात कशा बघत असतील, याची कल्पना यायची. खाली खेळ पुन्हा सुरू झालेला असायचा, तरी यांचं बघणं संपायचं नाही. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, बसा आता." मग बसायच्या.

त्यांचं नाव आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. कळलं तेव्हाही कुणी वापरलं नाही. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, विश्रांतवाडीत एकट्या राहणाऱ्या, मूळच्या कामठीच्या. कामठीत फुटबॉल घराघरांत असतो, असं त्या सांगायच्या. वडील अनवाणी खेळायचे आणि ही मुलगी गोलपोस्टच्या मागे उभी राहून बाहेर गेलेले बॉल आणून द्यायची. नोकरीने पुण्यात आणलं, आणि पुढे कितीतरी वर्षांनी पुण्याला स्वतःची व्यावसायिक टीम मिळाली. तेव्हा त्यांना काय वाटलं, ते एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. "नवरा गेला त्याच्यानंतर पहिल्यांदा वाटलं, की संध्याकाळी आपली कुठंतरी वाट पाहतात."

पुण्यातल्या बहुतेकांना आपल्या गावाला अशी टीम आहे याचा पत्ताच नव्हता. ज्यांना होता, ते हायवेपलीकडच्या त्या स्टेडियमपर्यंत यायला तयार नव्हते. मी यायचो, कारण माझं ऑफिस हिंजवडीत होतं आणि शनिवारी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा स्टेडियममध्ये अडकलेलं बरं वाटायचं. पहिल्या दिवशी मी मॅडमच्या शेजारी बसलो तो योगायोगाने. आपल्यावर दुसरा गोल झाला आणि मी गोलकीपरला मोठ्याने काहीतरी बोललो. त्या माझ्याकडे वळल्या.

"त्याला काहून ओरडता? त्याच्यासमोर उभं राहायला माणूसच नाही कोणी. ज्यांनी माणूस घेतला नाही, त्यांना ओरडा ना."

एरवी त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं, पण राग आला की त्यातून कामठी बाहेर यायची. पुढे पुढे तर आम्ही 'काहून' ऐकू आलं की सावध व्हायचो. खेळाडूला मात्र त्या कधीही एक शब्द बोलल्या नाहीत. पेनल्टी आकाशात मारणाऱ्यालाही नाही. "तो पळून तर राहिला ना," एवढंच म्हणायच्या, आणि पिशवीतून मुरमुऱ्यांचा चिवडा काढायच्या. तो इतका जहाल असायचा, की मागच्या रांगेतले लेले त्याला 'मध्यंतरातली शिक्षा' म्हणायचे. हे लेले म्हणजे पुण्यात जन्मून पुण्यातच वाढलेले गृहस्थ. जिंकलो तरी त्यांचा चेहरा हरल्यासारखाच असायचा.

त्या मोसमात आमची डावी बाजू म्हणजे धर्मशाळा झाली होती. कुणीही यावं, गोल मारून जावं. डाव्या बाजूचा जुना बचावपटू क्लबने विकून टाकला होता आणि त्याच्या जागी कुणी आणलाच नव्हता. कधी मिडफिल्डर, कधी एखादा नवखा, असं त्या जागेवर दर मॅचला वेगळा माणूस उभा करायचे. प्रशिक्षक बदलले, पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी क्लबचं निवेदन यायचं. मॅडम चष्मा लावून ते मोबाइलवर वाचून दाखवायच्या आणि अर्थही सांगायच्या. "'परस्पर संमतीने' म्हणजे हाकलला. 'पुनर्बांधणी' म्हणजे पुढच्या वर्षी याहून वाईट. 'चाहते हेच आमचं बळ' म्हणजे तिकीट महाग करून राहिले." उभं आयुष्य त्यांनी अशीच भाषा लिहिण्यात घालवलं होतं, असं त्याच म्हणायच्या.

मग एकदा क्लबने चाहत्यांना भेटायला बोलावलं. बाणेरच्या एका हॉटेलात. मॅडम ठेवणीतली पांढरी साडी नेसून आल्या होत्या. अगदी मनापासून आल्या होत्या, हे मला आजही आठवतं. स्कूटरवर माझ्या मागे बसून येताना म्हणाल्या, "बोलावलं ना त्यांनी. कोणी बोलावलं तर आपण आधीच वाईट विचार करू नये."

सीईओ तरुण होता, हसरा होता. त्याने मोठ्या पडद्यावर नवा लोगो दाखवला, नवं ॲप दाखवलं, पुढच्या मोसमातली जर्सी हिरवी नसून राखाडी का असेल ते समजावलं. मग विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मॅडमनी हात वर केला.

"येस आंटी!"

"मी आंटी नाही, सीझन तिकीटवाली आहे," मॅडम म्हणाल्या. लोक हसले, तोही हसला. "माझा एकच प्रश्न आहे. परवाच्या मॅचमध्ये आपल्या डाव्या बाजूला बचावाला कोण खेळलं?"

तो हसतच राहिला. मग शेजारच्या मुलीकडे बघितलं. तिने फोनकडे बघितलं.

"ग्रेट क्वेश्चन. मी टेक्निकल टीमशी बोलून तुम्हाला नक्की कळवतो."

"टेक्निकल काही नाही त्यात. नाव विचारून राहिले मी. त्या पोराचं नाव सांगा फक्त."

लेले मागून हळूच म्हणाले, "अहो, त्यांना पर्याय द्या चार." सीईओने पुढच्या प्रश्नाकडे बोट केलं. निघताना दारात प्रत्येकाला एक टोपी मिळाली. मॅडमनी ती घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि दारातल्या मुलीच्या हातात परत ठेवली. "तुम्हीच घाला बेटा, ऊन फार आहे." परतीच्या वाटेवर विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला म्हणाल्या, "त्याला नाव येत नव्हतं, ते चालते. त्याला काही वाटलं नाही, पाहिलं तुम्ही?"

जे पोर त्या दिवशी डाव्या बाजूला खेळलं होतं, त्याचं नाव प्रणय. दापोडीचा. अख्ख्या टीममध्ये तो एकटाच पुण्याचा, म्हणून आमचा जीव त्याच्यात जरा जास्त. मुळात मिडफिल्डर, पण सांगितलं तिथे उभा राहायचा. न येणाऱ्या जागी जीव तोडून पळायचा आणि एक दिवस असाच पळताना त्याचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून नेताना तो तोंडावर हात घेऊन रडत होता. क्लबने महिन्याभरात त्याला मोकळं केलं. त्याला मेसेज आला. आम्हाला निवेदन आलं: प्रणयच्या योगदानाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. वर फोटो होता तो दुसऱ्याच खेळाडूचा.

त्या फोटोचं मॅडमनी मला फोन करून सांगितलं. "उद्या दापोडीला जाऊ," म्हणाल्या.

गेलो. रेल्वे लाइनजवळच्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. प्रणयच्या आईने दारातच "जय भीम" केला, मॅडमनी केला, आणि मग त्या दोघी जुन्या ओळखीच्या असल्यासारख्या आत गेल्या. प्रणय पलंगावर पाय लांब करून बसला होता. पायाला पट्टा. समोर टीव्हीवर क्रिकेट लागलं होतं. मॅडमनी त्याला ऑपरेशनचं विचारलं, डॉक्टरचं विचारलं, सरकारी योजनेतून काय होईल ते आईला सविस्तर समजावलं. मग न राहवून म्हणाल्या, "बेटा, आम्ही त्या लोकांना सोडणार नाही. असं कसं वागून राहिले ते तुझ्याशी?"

प्रणय जरा हसला. रागावलेला अजिबात नव्हता.

"मॅडम, ते वाईट नाहीत ओ. मी कोण आहे तेच त्यांना माहीत नाही."

आईने चहा आणला. मॅडम कप हातात धरून तशाच बसल्या. चहावर साय आली.

पण हार मानतील तर त्या मॅडम कसल्या. मोसमाच्या शेवटच्या घरच्या मॅचला निषेध करायचा असं त्यांनी ठरवलं. घोषणा नाहीत, शिव्या नाहीत, काही फेकाफेक नाही. खेळ जरा रंगात आला की मॅडम उठतील, आणि त्यांच्याबरोबर सगळा स्टँड उठेल, मैदानाकडे पाठ करून वर काचेच्या बॉक्सकडे बघत उभा राहील. बस. आठवडाभर त्या फोनवर होत्या. कॅम्पातली पोरं, खडकीची पोरं, येरवड्याची पोरं, आमच्या हिंजवडीच्या कंपन्यांमधली मंडळी, सगळ्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. लेलेसुद्धा म्हणाले, "येतो. इतकी वर्षं मैदानाकडे बघून काय मिळालं?"

त्या संध्याकाळी स्टँड बऱ्यापैकी भरला होता. मॅडम उठल्या. जर्सी नीट केली, वळल्या. आणि त्यांच्यामागे रांगा एकेक करून उठत गेल्या, वळत गेल्या. शेकडो माणसं, सगळी गप्प, सगळ्यांचे डोळे वर.

काचेमागे कुणीच नव्हतं.

खुर्च्या रिकाम्या होत्या. शेवटून दुसऱ्या नंबरवर असलेल्या टीमची मोसमातली शेवटची मॅच बघायला मालक आले नव्हते, सीईओ आला नव्हता, कुणीच आलं नव्हतं. आत एक वेटर तेवढा टेबलावरचे ग्लास उचलत होता. त्याने सहज खाली बघितलं आणि तो दचकला. एवढी माणसं आपल्याकडे का बघताहेत ते त्याला कळेना. त्याने मागे वळून पाहिलं, स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, मग ट्रे उचलून घाईघाईने निघून गेला.

तरी आम्ही उभे राहिलो. मॅडम हलत नव्हत्या, म्हणून कुणी हलेना. तेवढ्यात पाठीमागून, मैदानातून, बॉल जाळीत गेल्याचा आवाज आला आणि आमच्या खेळाडूंचा आरडाओरडा. कित्येक आठवड्यांनी आपल्या टीमने गोल मारला होता. आम्ही वळलो तेव्हा ती पोरं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर पडली होती, आणि त्यांतला एक जण आमच्या दिशेने पळत येता येता थांबला. कारण निम्मा स्टँड अजून त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

मॅडमनी त्याचा चेहरा पाहिला. मीही पाहिला. पुढे आपण ती मॅच हरलो, पण ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मॅडम खाली बसल्या आणि शेवटपर्यंत दोन्ही हातांनी पिशवी धरून बसून राहिल्या. मॅच संपल्यावर मी म्हटलं, "चला मॅडम, सोडतो." त्या म्हणाल्या, "आज बसने जाते."

पुढच्या मोसमात त्या आल्या नाहीत. मी पहिल्या मॅचच्या आधी फोन केला, तर भाचीचं लग्न होतं. दुसऱ्या वेळी पाय दुखत होता. मग मीच एका रविवारी विश्रांतवाडीला गेलो. त्यांनी पोहे केले, शेजारच्या मुलीच्या ॲडमिशनचं सांगितलं, माझ्या बायकोची चौकशी केली. टीमचं नाव निघेना, तेव्हा मीच काढलं.

"मॅडम, तुम्ही रागावून बसलात. आम्हाला करमत नाही तिथे."

"रागावले नाही हो," त्या म्हणाल्या. "राग होता तवर येत होते ना मी. आता पाहते तर तो सापडतच नाही कुठं." त्यांनी माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. "नोकरीत किती लोकांशी भांडले मी. समोर माणूस असते, भांडता येते. इथं समोर कोणी नाहीच. मग मी कोणाच्या अंगावर चिडू? त्या वेटरच्या?"

मी पोहे खाल्ले आणि निघालो. तुम्ही म्हणता म्हणून एकदा येईन, असं त्या दारात म्हणाल्या. ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

मी मात्र जात राहिलो. राखाडी जर्सी आली, आणखी एक प्रशिक्षक आला. लेले आता मुलीकडे बंगळुरूला असतात. स्टँडमध्ये ओळखीचे चेहरे विरळ होत गेले. नवी पोरं येतात, गोलकीपरला शिव्या घालतात. त्यांना 'काहून ओरडता' असं विचारणारं कुणी नाही. मी एकदा विचारायचा प्रयत्न केला, तर तो पोरगा म्हणाला, "अंकल, चिल."

गेल्या महिन्यात मात्र आपण जिंकलो. साधंसुधं नाही, वरच्या नंबरच्या टीमला त्यांच्या तोंडावर चार गोल मारून जिंकलो. डाव्या बाजूने एक नवीन मुलगा असा काही खेळला, की मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शिट्टी झाली तशी मी खिशातून फोन काढला आणि मॅडमना लावला. आजूबाजूला ढोल वाजत होते, म्हणून एका कानावर हात ठेवून मी ओरडलोच, "मॅडम, जिंकलो! चार गोल!"

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यांनी गॅस बारीक केला असावा.

"काय म्हणालात? आज मॅच होती का?"

"हो मॅडम. जिंकलो आपण."

मग दुसऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकल्यावर आपण म्हणतो ना, अगदी तशा आवाजात, मनापासून आणि लांबून म्हणाल्या,

"अरे वा. छान झालं हो. अभिनंदन तुमचं."