आपल्या भागाची टीम

माझं माहेर कोल्हापूर. तिथं फुटबॉल आपल्या पेठेला शोभेल का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. पोरं आधी खेळतात, मग त्यांच्या तालमीच्या टीमचं नाव होतं. लग्न होऊन मी भवानीनगरला आले, जवळच्या एका विद्यालयात क्रीडाशिक्षिका झाले आणि माझ्या हट्टापायी तिथल्या मुलींची फुटबॉलची टीम उभी राहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढच्या प्रकारात मला का बोलावलं गेलं, ते कळावं म्हणून सांगते.

बारामतीतल्या एका मंगल कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये बैठक होती. बोलावणारे गृहस्थ प्लॉट पाडून विकायच्या धंद्यातले. अध्यक्षही तेच, त्यांना अध्यक्ष कुणी केलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बारामती-इंदापूर भागाला स्वतःची व्यावसायिक फुटबॉल टीम हवी की नको, हा विषय होता. 'नको' म्हणेल असं कुणी बोलावलेलंच नव्हतं. अध्यक्षांनी भागाची प्रगती वाचून दाखवली. रुंद रस्ते झाले, कॉलेजं झाली, कंपन्या आल्या, विमान उतरायला धावपट्टी झाली, बागेत कारंजं झालं. एवढं असून टीम नाही, याची त्यांना लाज वाटत होती. माझ्या शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, ऑफसाइड म्हणजे बॉल रेषेबाहेर जाणं ना? मी हो म्हणाले. त्या हॉलमध्ये हे समजावून काही उपयोग नव्हता.

मग टीमच्या नावावर गाडी आली आणि सगळे जागे झाले. बारामतीकरांना नावात बारामती हवी होती. इंदापूरच्या बाजूनं अंथुर्ण्याचे एक आबा आले होते. जुने बागायतदार, तालुक्यात मान असलेले, आणि माझ्या टीमच्या गोलकीपरचे सख्खे आजोबा. नातीचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण इंदापूरचं नाव आधी आलं पाहिजे यावर ते अडून बसले. चहा दोनदा फिरला, जर्सीच्या रंगावरून दोघं रुसले. खेळायचं कुणी, हा मुद्दा निघालाच नाही.

शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी एवढंच विचारलं, "आपल्या भागातले अकरा जण फुटबॉल खेळताना तुम्ही शेवटचे कधी पाहिले?"

अध्यक्ष हसले. म्हणाले, "मॅडम, तो ग्रासरूटचा विषय झाला. तो आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

माझ्या मुली खेळायच्या त्या मैदानावर गवत नव्हतंच. मुरूम होता. उसाच्या हंगामात एका कडेला ट्रॅक्टर उभे राहायचे, तेव्हा त्या उरलेल्या जागेत खेळायच्या.

तरीही टीमच्या उद्घाटनाच्या दिवशी मुख्य सामन्याआधी मुलींचा छोटा सामना ठेवायचं अध्यक्षांनी कबूल केलं आणि मी भुलले. आदल्या आठवड्यात त्यांच्या माणसाचा फोन आला. मुलींना नऊवारी नेसवून आणा, पाहुण्यांचं औक्षण करायचंय. सामन्याचं काय, विचारलं, तर वेळ उरला तर बघू म्हणाला. मी मुलींना ते जसंच्या तसं सांगितलं. गोलकीपर बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आमी खेळायला येणार, मॅडम. ओवाळायला न्हाय." बाकीच्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि विषय तिथंच मिटला.

उद्घाटनाला आम्ही जर्सी घालूनच गेलो. तेही मैदान मुरमाचंच होतं. पाहते तर स्टेज एका बाजूच्या गोलसमोर, थेट पेनल्टीच्या जागेवर ठोकलेलं. सकाळी तिथं सावली असते, म्हणाले. मांडवाच्या खुंट्या पार मधल्या रेषेपर्यंत गेलेल्या. खेळाडू पाहुण्यांच्या भाषणांना टाळ्या वाजवत उन्हात उभे होते. आमच्या भागाचं नाव छातीवर लावलेली ती टीम भाड्यानं आणलेली होती. पोरं चांगली होती, खेळही चांगला असावा, पण त्यांतल्या एकालाही आपण कुठं आलोय ते नीट माहीत नव्हतं. एकानं मला विचारलं, इथून सांगली जवळ का सोलापूर. औक्षणाला अध्यक्षांनी घरच्या बायका बोलावून घेतल्या आणि माझ्याकडं दिवसभर पाहिलं नाही.

फेटे, शाली, नारळ. प्रत्येक वक्त्यानं हा भाग टीमला कसा पात्र आहे ते सांगितलं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, पात्रतेचा एवढा दाखला कुणाला द्यायचाय? कोण मागतंय? बॉल तर स्टेजवर ठेवला होता, हार घालून.

मुख्य सामना अर्ध्या मैदानात सुरू झाला आणि थोड्याच वेळात निवेदकानं जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. अख्खी गर्दी उठली. खेळणाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि तेही पंगतीकडं गेले. आपल्या भागाची पहिली मॅच अशी संपली. कुणी जिंकलं, ते कुणी विचारलं नाही.

मैदान रिकामं झालं, तसं मी मुलींना आत जायला सांगितलं. आपसातच दोन बाजू पाडल्या. आबा तेवढे जेवायला गेले नव्हते, गुडघ्यामुळं त्यांना पंगतीत बसवत नसे. फेटा तसाच ठेवून त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची गोलच्या मागं ओढली. नातीनं एक बॉल झेप घेऊन अडवला, कोपर सोललं, उठली, पुन्हा उभी राहिली. दुसरा बॉल मात्र तिच्या हातावरून आत गेला.

आबांनी विचारलं, "चुकली का काय?"

"नाही आबा. समोरच्या मुलीनं फार चांगला मारला."

त्यांनी त्या मुलीकडं बोट केलं. मग म्हणाले, "ती कुणाची?"

मी सांगितलं, बारामतीकडची, माळेगावची. शिकायला मामाकडं राहते.

"बरं खेळती," ते म्हणाले. "ह्या दोघी एका बाजूला घ्या की."

तेवढ्यात मांडववाला आला, सामान उतरवायचंय म्हणाला. त्याच्या मागोमाग अध्यक्ष हात पुसत आले आणि मुलींना बाहेर काढा म्हणाले. आबांनी खुर्ची सोडली नाही. "खेळ संपू दे. मग काढा तुमच्या खुंट्या," एवढंच म्हणाले. अध्यक्षांना आबांशी वाकडं घेणं परवडणारं नव्हतं. मांडववाला स्टेजच्या कडेला बसून तंबाखू मळायला लागला. मुली खेळल्या, अगदी दम संपेपर्यंत.

ती भाड्याची टीम बाहेरगावी एक हंगाम आमच्या नावानं हरली. नंतर तिचं नाव कुणी काढलं नाही. मैदानाच्या शेजारी मात्र अध्यक्षांची प्लॉटिंगची स्कीम पडली आणि तिला 'स्टेडियम व्ह्यू' असं नाव दिलं. खिडकीतून मुरूम दिसतो. आबा टीमच्या कमिटीतून बाहेर पडले. शेताच्या कडेचा एक तुकडा त्यांनी मुलींना सरावाला दिला, तोही उसाच्या पुढच्या लागणीपर्यंतच असं बजावून. लागणीच्या वेळी दर वर्षी कुरकुरतात आणि तेवढा तुकडा सोडून ऊस लावतात. नात आता विद्यापीठाच्या टीमकडून खेळते. सुट्टीला आली की लहान मुलींना झेप घ्यायला शिकवते.

परवा अध्यक्षांचा पुन्हा फोन आला. आता आपल्या भागाला स्वतःची मॅरेथॉन हवी आहे, बैठकीला या म्हणाले. पळणार कोण, हे मी या वेळी विचारलं नाही. संध्याकाळी सराव असतो, जमणार नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.