अक्काच्या पोटातली उठलेली वस्ती

तपासणीच्या प्रयोगशाळेत नोंदवही सांभाळणाऱ्या बाईकडे किस्से साठतात ते तिच्या इच्छेविरुद्ध. मी ते कधी मुद्दाम ऐकले नाहीत. परंतु खिडकीपलीकडचा माणूस स्वतःच्या पोटाविषयी बोलू लागला, की त्याला थांबवण्याची सोय सभ्य भाषेत नाही. नाशकात मेनरोडच्या मागच्या बोळात आमची प्रयोगशाळा होती. डॉक्टरसाहेब सूक्ष्मदर्शकापाशी, शांताबाई गांगुर्डे काचसामान धुण्याच्या मोरीपाशी आणि मी खिडकीपाशी. जुनी मॅट्रिक, अक्षर वळणदार आणि स्पेलिंग बिनचूक, एवढ्यावर मला ती नोकरी मिळाली होती. एरवी असले किस्से मी चारचौघींत सांगितले नसते. पण या साऱ्यांच्या मध्यभागी माझी थोरली बहीण आहे, म्हणून सांगते.

१९८१ सालचा नोव्हेंबर, कार्तिक महिना. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, येणारा वारा बोचू लागला होता आणि दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला होता. त्या आठवड्यात अक्काला टायफॉइड झाला. एका डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, त्यांनी उतार पडेना म्हणून दुसऱ्यांनी अधिक भारी दिल्या आणि तिसऱ्यांनी खबरदारी म्हणून आणखी पंधरा दिवसांच्या दिल्या. ताप गेला. पण पोट जे सुटले, ते मिटेना. खाल्लेले अंगी लागेना. प्रश्न एवढाच होता, की अक्का वाचते की नाही.

*

आधी आमच्या खिडकीची कल्पना देते. लोक नमुना कशात आणतील, याचा नेम नसे. (मी सतरा वर्षे "नमुना" हाच शब्द वापरला. दुसरा शब्द माझ्या तोंडून कोणी ऐकलेला नाही.) एकदा विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी पेढ्यांचा चौकोनी बॉक्स घेऊन आले. वर दुकानाचे नाव, भोवती सुतळी. त्यांनी तो अदबीने खिडकीत ठेवला.

मला वाटले, मुलगा झाला असेल. मी म्हटले, "अहो, याची काय गरज होती!"

"गरज कशी नाही? डॉक्टरांनीच मागितलं ना!"

मी बॉक्स उघडणार, इतक्यात मोरीवरून शांताबाई ओरडल्या, "बाई, हात धुवायचे नसतील तर उघडू नका!"

डॉक्टरसाहेब आतून हसत होते. मी त्यानंतर कित्येक महिने कोणाकडचाही पेढा घेतला नाही.

*

अक्काचा पहिला नमुना मीच नेला. वहीत तिचे नाव लिहिताना अक्षर बिघडले. सतरा वर्षांच्या नोंदींत तेवढी एकच ओळ वाकडी आहे.

डॉक्टरसाहेबांनी काच बराच वेळ पाहिली. नंतर मला बोलावून म्हणाले, "कुसुमताई, पूर ओसरल्यावर नदीकाठ पाहिला आहे ना तुम्ही? तसं झालंय. माणसाच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. बिचारे भाडं देतात, राखण करतात, अन्न पचवायला मदत करतात. तीन डॉक्टरांनी कॅप्सूल देऊन देऊन ती वस्तीच उठवली. आता रिकाम्या घरांत गुंड शिरलेत."

"मग गुंडांना मारणारे औषध द्या."

"देतो. औषध सुरू असेपर्यंत ते दडून बसतील. पण राखणदार परतले नाहीत, तर गुंड पुन्हा येतील." मग चष्मा पुसत म्हणाले, "अक्कांचं वय किती?"

"चोपन्न."

"आतड्याचं विचाराल, तर मी ऐंशी लिहीन. आणि ताई, बाकीचं शरीर आतड्याच्या मागोमाग जातं."

त्या काळी नाशकात असे बोलणारे ते एकटेच असावेत. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांपुढे त्यांनी हे मांडले, तेव्हा एकाने विचारले, "म्हणजे आता आम्ही जंतू पाळायचे काय?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत. घरी परतताना त्यांनी पंचवटीतून मडकेभर दही घेतले आणि ते माझ्या हाती दिले.

*

दही देण्यामागे त्यांचा हेतू होता. त्यांनी आज्ञा केली, "अक्कांना रोज दोन वेळा ताक द्या. ताज्या विरजणाचं. ताकातले जंतू राखणदारांची जागा घेतील अशी खात्री नाही, पण निदान दाराशी उभे तरी राहतील."

मी आज्ञेत कधी कसूर करत नाही. घड्याळ लावून, सकाळी नऊ आणि दुपारी चार, पेला भरून दिला. एक दिवस चुकला नाही. चार महिने झाले, तरी अक्काच्या प्रकृतीत फरक नाही. साहेब गोंधळले. त्यांनी माझ्याकडून कृती विचारून घेतली. "विरजण रोजचं?" "रोजचे." "भांडं?" "कल्हईचे." "मीठ?" "सैंधव."

"आणि देता कसं?"

"कसे म्हणजे? आजारी माणसाला गार ताक कोण देतो? आले-जिरे लावून चांगले उकळते आणि गरम-गरम देते."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "कुसुमताई, चार महिने तुम्ही बहिणीला कढी पाजलीत!"

मोरीवरून शांताबाई हळूच म्हणाल्या, "राखणदारच उकळले की वो बाई!"

मी त्या दिवशी रजा न घेता दुपारीच घरी गेले. नोकरीत तसे एकदाच घडले. अक्का मात्र म्हणाली, "जाऊ दे गं. कढी फार छान व्हायची."

*

गार ताकही दिले. बरे वाटले आणि गेले; पुन्हा बरे वाटले आणि गेले. उन्हाळ्यापर्यंत अक्काचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. माझ्याहून ती चार वर्षांनी मोठी. एकदा तिला बसने नाशिकरोडला नेत होते. कंडक्टर भला माणूस होता. त्याने पुढची सीट रिकामी करवली आणि मला म्हणाला, "मावशी, आईंना खिडकीशी बसवा, वारा लागेल."

अक्काने त्याच्याकडे वर पाहिले.

"बसते हो," ती म्हणाली. "पण हिला उभी नका ठेवू. लेक हट्टी आहे माझी, दमली तरी सांगायची नाही."

सबंध प्रवासात आम्ही एकमेकींकडे पाहिले नाही.

*

१९८३ उजाडले तेव्हा अक्का पेजेवर होती, आणि तीही राहत नव्हती. तेव्हा साहेबांनी दार लावून मला एक गोष्ट सांगितली. परदेशी मासिकात त्यांनी वाचले होते, की एखाद्या निरोगी माणसाचा नमुना मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, एनिमाने रोग्याला दिला, तर उठलेली वस्ती पुन्हा बसू शकते.

मी त्यांना विचारले, "साहेब, आपण हे गंभीरपणे म्हणता आहात ना?"

"ताई, माझ्याकडे दुसरं काही उरलं असतं, तर तुमच्यासमोर हे बोलण्याचं धाडस मी केलं असतं का?"

अट एकच होती. देणारा धडधाकट हवा आणि वर्षभरात त्याच्या पोटात एकही कॅप्सूल गेलेली नसावी. सोपी अट, असे मला वाटले!

आमचा भाचा वसंत ओझरला विमानांच्या कारखान्यात. रोज दोनशे जोर काढणारा. "कॅप्सूल? छे, मावशी! मला काय धाड भरली आहे? फक्त सर्दीला घेतो, लाल-काळ्या. महिन्याला एखादा कोर्स." बाद. त्याच्या बायकोने गळवासाठी घेतल्या होत्या. बाद. शेजारच्या मास्तरांनी परीक्षेच्या काळात आजारी पडू नये म्हणून आधीच घेतल्या होत्या! मेडिकलवाला स्वतः पाकीट फोडून दोन-दोन सुट्या देई, चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या. अख्ख्या आळीत त्यातून सुटलेला एक माणूस सापडेना.

मी स्वतः कॅप्सूल घेत नसे. तसे मी अभिमानाने सांगितले. साहेबांनी विचारले, "आणि दुसरं काही?"

"दर रविवारी एरंडेल. चाळीस वर्षे. एकदाही चुकवलेले नाही."

साहेबांनी माझ्या नावावर काट मारली.

*

शेवटी साहेबांची नजर मोरीकडे गेली.

शांताबाई अडुसष्ट वर्षांच्या. नाशिकरोडजवळच्या बौद्ध वस्तीतून पहाटेची कामे उरकून चालत येत. दात सगळे स्वतःचे. जेवण म्हणजे कालची भाकरी ताकात कुस्करून, नाहीतर अंबील. औषध म्हणून सुंठसुद्धा त्यांना ठाऊक नव्हती. साहेबांनी त्यांचा नमुना पाहिला आणि मला हाक मारली. "या, बघा तरी! काय भरलेला बाजार आहे! बारा वर्षांत असा पाहिला नाही मी!"

मी पाहिले. मला काही समजले नाही, पण तिथे गजबज होती, हे खरे.

शांताबाईंना सगळे समजावले. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की टेस्टट्यूबचे स्टँड हलले. "साहेब, आजवर लय जणांनी लय काय मागितलं माझ्याकडं. हे नाय मागितलं कुणी!" मग एकाएकी थांबल्या. "पण अक्काबाई घेतील का माझं?"

हा प्रश्न रास्त होता. शांताबाई कधी आमच्या घरी आल्या, तर त्यांचा चहा वेगळ्या कपातून येई. कप अक्काच काढी. तो कप धुऊन पालथा घालण्याची जागाही वेगळी होती. हे लिहिताना मला लाज वाटते. परंतु खोटे लिहिण्याची मला सवय नाही. इतकी वर्षे तो कप मी रोज पाहत होते आणि मीही काही बोलले नव्हते.

अक्काला सांगायला साहेब स्वतः आले. सारे ऐकून तिने डोळे मिटले. मग तिने विचारले, "कोणाचे?"

"शांताबाईंचं," साहेब म्हणाले.

अक्काने डोळे पुन्हा मिटले. मला वाटले, संपले.

"एकादशी टळू दे," अक्का म्हणाली. "बाकी केव्हाही."

साहेब उठून खिडकीशी गेले आणि बाहेर काहीतरी पाहू लागले. अक्काने मला जवळ बोलावले आणि कुजबुजली, "कुसुम, त्यांना एवढे सांगशील? म्हणावे, तेवढ्या स्वच्छ होऊन या. जन्माची सवय गं, जात नाही."

निरोप जसाच्या तसा पोचवायचा असतो. मी तो तसाच पोचवला.

*

दिवस ठरला तो पाडव्याच्या आधीचा सोमवार, ११ एप्रिल १९८३. अक्का त्यानंतर एकोणीस दिवस होती; पण निकाल लागला तो त्याच सकाळी.

साहेबांनी आदल्या संध्याकाळीच सगळी तयारी केली होती. मिठाचे पाणी उकळून निववलेले, गाळण्यासाठी मलमल, रबरी नळी. वसंतने कारखान्यातून रजा काढून अक्काला रिक्षाने आणले आणि आतल्या बाकावर निजवले. तिने धुतलेले पांढरे पातळ नेसले होते. तिचे वजन एवढे उतरले होते, की वसंतने तिला एकट्याने उचलून आणले आणि त्याला दम लागला नाही. दम न लागल्याचेच त्याला रडू आले.

आठ वाजता शांताबाई आल्या. न्हाऊन, केसांना तेल लावून, लग्नाकार्याला नेसायचे निळे लुगडे नेसून. वहाणा बाहेर काढल्या. नमुन्याची बाटली त्यांनी पांढऱ्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरली होती. साहेबांनी ती घेतली, वही माझ्यापुढे सरकवली आणि रीत म्हणून विचारले, "नेहमीचंच खाल्लंत ना, शांताबाई? दुसरं काही पोटात गेलं नाही ना?"

शांताबाईंनी आतल्या बाकाकडे पाहिले. अक्काने निजल्या जागेवरून दोन्ही हात जोडले. शांताबाईंनीही जोडले. मग साहेबांकडे वळून, मान ताठ करून त्या म्हणाल्या,

"असं कसं, साहेब? अक्काबाईंचा निरोप होता. माझा पोरगा एकलहऱ्याला पॉवर हाऊसात हाय, त्याच्याकडून भारीतल्या कॅप्सूल मागवल्या. आठ दिवस, तीन टाइम, एक चुकवली नाय. आता बघा तुम्ही भिंगातून. एक जंतू ठेवला नाय आत!"